डोक्याच्या चुका, बिनडोक्याच्या चुका

आमच्या भाऊजींना कुठेही न्या, आधी भिंतीला हात लावतील. माणसं नंतर. मागे मला पित्ताच्या खड्यांसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा भेटायला आले. मी इकडे कळवळतेय, नाकात नळी, आणि हे महाशय खाटेमागच्या भिंतीवर टकटक करतायत. मला वाटलं, काळजीने काही सुचत नसेल. तर म्हणतात कसे, "वहिनी, ह्या फळ्या नाहीतच हो. सगळा एक प्लाय आहे. वरून खोट्या खाचा मारल्यात, फळ्या वाटाव्यात म्हणून."

"भाऊजी," मी म्हटलं, "माझं पोटही खोटंच दुखतंय. या तुम्ही."

त्यावर जे खुर्ची ओढून बसले, ते दिवस मावळला तरी उठेनात. नर्सने दोनदा हाकललं, तरी दाराबाहेर जाऊन परत आत. असा माणूस आहे तो.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटली होती. सासरे तोवर गेलेले. आमच्या ह्यांनीच धाकट्या भावाला हाताशी धरलं, रंधा कसा धरायचा, करवत कशी चालवायची, सगळं शिकवलं. घरामागे आमचं वर्कशॉप आहे, त्यात दोघे भाऊ सुतारकी करत आले. कामही बहुतेक एकाच प्रकारचं, भिंतींना लाकूड लावायचं. लग्न भाऊजींनी केलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणतात, "माप जुळलं नाही, वहिनी." जेवायला आमच्यातच, झोपायला माडीवर. मला जाऊ नाही ह्याचं मी कधी दुःख केलं नाही. माझं तोंड फाटकं आहे, जाऊ असती तर रोज महायुद्ध झालं असतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुतार लोक बारीक खिळ्याला चूक म्हणतात. एक चूक, दोन चुका. डबीभर चुका आणायच्या, दिवसभर चुका मारायच्या. त्यातही जाती दोन. एकीला वर टोपीसारखं डोकं असतं, एकीला नसतं. आमच्या ह्यांना डोक्याच्या चुका लागतात, कारण त्या फळीला घट्ट दाबून धरतात. भाऊजींना बिनडोक्याच्या, कारण त्या लाकडात बुडून जातात, दिसत नाहीत. ह्यावरून दोघांची जुगलबंदी ठरलेली.

"तुझ्या चुका बिनडोक," हे म्हणायचे.

"तुझ्या नेहमी डोकं वर काढून," भाऊजी म्हणायचे.

मी चहा घेऊन जायची आणि म्हणायची, दोघांच्याही मीच पोटात घालते, घ्या चहा. वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि वर्षानुवर्षं तिघंही हसायचो. आम्हाला काही नवीन लागत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं की भाऊजींची शिकवणी सुरू. त्या माणसाला भिंत हवी असते, भाऊजी त्याला लाकडाचं चरित्र सांगणार. लाकूड तोडलं तरी हलायचं सोडत नाही म्हणे. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून दोन फळ्यांची गाठ कशी घालायची, हाच काय तो प्रश्न. फळ्या उभ्या लावून मधल्या फटींवर पट्ट्या ठोकल्या की झालं फळीपट्टीचं काम. सोपं, दणकट, गोदामाला झकास. पण बैठकीत लावलं तर पाहुण्यांना पोत्यावर बसल्यासारखं वाटतं. चढती फळी म्हणजे खालच्या फळीच्या अंगावर वरची चढवत जायची. ती घराबाहेरून लावावी, पाऊस ओघळून जातो. आतून लावायचा हट्ट एका गिऱ्हाइकाने धरला, तेव्हा भाऊजींनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे आत पडतो का पाऊस?" ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. ह्यांनी कपाळावर हात मारला.

राहिल्या दोन तऱ्हा, आणि ह्या दोहोंवरून भावाभावांत मतभेद. आमच्या ह्यांचा जीव जीभ-खाचेवर. एका फळीच्या कडेला जीभ काढायची, दुसरीच्या कडेला खाच, आणि जीभ खाचेत ठोकून बसवायची. चूक मारायची तीही जिभेतच, म्हणजे पुढची फळी ती झाकून टाकते. भिंत अशी होते की उजेड नाही, आवाज नाही, वारा नाही. मधली एक फळी बदलायची म्हटली, तर मात्र फोडाफोडी करावी लागते.

भाऊजींची लाडकी पतामी फळी. फळीच्या दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची पायरी कापतात, त्या पायरीला पताम म्हणतात. एक पायरी पुढून, एक मागून. मग वरची फळी खालचीच्या पायरीवर नुसती टेकते. तिला कुठे अडकवलेलं नसतं. मधे पत्र्याचा तुकडा ठेवून बारीक रेघ सोडायची, भिंतभर सरळ रेघा दिसतात. मागून दुसरी पायरी असते म्हणून आरपार उजेड येत नाही. कायदा एकच. प्रत्येक फळीला तिची स्वतःची चूक, ती तिच्या अंगात. दोन फळ्या जिथे एकीवर एक येतात, तिथे चूक मारायची नाही. मारली तर दोघी जखडतात, आणि कोरड्या हवेत आकसायला गेल्या की फाटतात. आजकाल गिऱ्हाइकं ह्याला शिपलॅप म्हणतात. भाऊजी म्हणतात, म्हणू देत, आपलं पताम ते पतामच.

तर दातांच्या डॉक्टरीणबाईंना हे शिपलॅप हवं होतं. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात ती खोली आणि आतली खुर्चीची खोली, दोन्हीकडे. बाई हसतमुख, पण कामाला कडक. भाऊजींनी फळ्या निवडल्या, पताम कापले, बाहेरची खोली अगदी आरशासारखी केली. आतल्या खोलीची एक भिंत उरली आणि भाऊजींचा पाय मुरगळला. पायाला पट्टी बांधून माडीवर पडले. हे म्हणाले, "त्यात काय, मी उरकतो."

आणि उरकलं. पण ह्यांना फट बघवत नाही, त्याला इलाज नाही. ताटलीवर झाकण जरा वाकडं असलं तरी उठून नीट करतील. फळ्यांमधल्या त्या रेघा ह्यांच्या डोळ्यांत खुपल्या. फळ्या एकमेकींवर दाबल्या आणि नेमक्या जोडावर डोक्याच्या चुका हाणल्या. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग मारला. भिंत अशी घट्ट की मुंगी शिरणार नाही. घरी येऊन म्हणाले, "तुझ्यापेक्षा गुळगुळीत झाली." भाऊजी म्हणाले, "होणारच, दादा." आम्हा दोघांना काही ठाऊक नव्हतं.

मग उन्हाळा आला. कोरडा, ओठ फुटतील असा. एक दिवस बाई कुणाची तरी दाढ कोरत होत्या, पेशंटचं तोंड उघडं, आणि भिंत काडकन वाजली. पेशंटला वाटलं आपला जबडाच गेला. खुर्चीतून उडी मारून उठला बिचारा. भिंतीवर वरपासून खालपर्यंत फळ्या तडकल्या होत्या.

बाईंचा निरोप आला तसे दोघे भाऊ निघाले. माझीही एक दाढ ठणकत होती, मीही बरोबर गेले. बाईंनी आधी माझी दाढ उपटली, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं, "घट्ट दाबून धरा, अजिबात बोलायचं नाही." आयुष्यात एकदाच माझं तोंड बंद झालं, आणि नेमकं तेव्हाच ते उघडं हवं होतं.

हे अवजारांची पिशवी आणायला खाली गेले होते. भाऊजी स्टुलावर चढले, तडकलेल्या फळीची लांबी खरवडली आणि जोडातून एक चूक उपसून काढली. उजेडाकडे धरून बघत बसले. बाई पाठमोऱ्या हात धूत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "चूक कुणाची?"

"दादाची," भाऊजी म्हणाले.

हे दारात उभे होते. पिशवी हातात. मी त्यांचा चेहरा बघितला. पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली, आपटली असती तर बरं झालं असतं, आणि जिना उतरून गेले. भाऊजींनी मागे वळून विचारलं, "दादा कुठे गेला?" मी डोळ्यांनी काय काय शिव्या दिल्या त्यांना. त्या त्यांना कळल्या नाहीत.

घरी आल्यावर बोळा थुंकला आणि सुरू केलं. "लाज नाही वाटली? परक्या बाईसमोर मोठ्या भावाला तोंडघशी पाडलंत? ज्याने तुम्हाला हातात हातोडी दिली त्याला?"

भाऊजी बघतच राहिले. "मी काय खोटं बोललो, वहिनी? दादाचीच होती."

"वर तोंड करून सांगताय!"

"डोकं होतं तिला," ते म्हणाले. "डोक्याच्या चुका दादाच वापरतो. बाईंनी विचारलं, मी सांगितलं." आणि खिशातून ती चूक काढून माझ्या तळहातावर ठेवली.

माझा राग झरकन उतरला. देवा रे, ह्या माणसाला काय म्हणावं! बाईंनी विचारलं काय, भाऊजींनी ऐकलं काय, सांगितलं काय. जगात दुसऱ्या कुणाच्या घरात असला घोटाळा झाला नसता. मी हसत हसतच ह्यांच्याकडे धावले. म्हटलं, आता गंमत ऐका. "अहो, भाऊजी खिळ्याबद्दल बोलत होते!"

हे हसले नाहीत. "कळलं मला," म्हणाले. "मी काय दूधखुळा आहे? जिन्यातच कळलं."

"मग?"

"मग भिंत कुणी फाडली? खिळ्याने?" हे म्हणाले. "बाईंनी विचारलं ते बरोबर, त्याने सांगितलं तेही बरोबर. आता त्याने माझं काम तपासायचं आणि मी पिशवी धरून दारात उभं राहायचं. नको. वर्कशॉपच्या मधोमध भिंत घालू. तो तिकडे, मी इकडे. त्याची कामं त्याची, माझी कामं माझी."

मी रागावले, रडले, अबोला धरला. ह्यांच्यावर उपयोग शून्य. पालथ्या घड्यावर पाणी. लाजलेल्या माणसाची समजूत घालणं रागावलेल्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा समजलं. आणि भाऊजी? त्यांनी भांडावं ना जरा! ते म्हणाले, "दादाला हवी असेल तर होऊ दे भिंत. मग माझं अंथरूणही तिकडेच नेतो. जेवणाचंही बघेन माझं मी. दोन चुली झाल्यावर माडी कशाला अडवू?" दवाखान्यातल्या तडकलेल्या फळ्या त्यांनी एकट्याने जाऊन बदलून दिल्या, आणि आल्यावर आमच्या भिंतीचं माप घेतलं.

मला घाबरायला झालं, खरंच सांगते. नुसत्या वर्कशॉपची गोष्ट नव्हती ही. भाऊजी त्या भिंतीपलीकडे गेले, म्हणजे घरातूनच गेले. ताटावरून उठून गेलेलं माणूस परत बोलावता येतं. ज्याने वेगळं ताट मांडलं त्याला कसं बोलावणार?

भिंत कसली घालायची ह्यावरही वाद, आणि तोही माझ्यामार्फत. दोघे एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून.

"त्याला सांग, जीभ-खाच. तिकडचा आवाज इकडे यायला नको."

"वहिनी, दादाला सांगा, पतामी. जीभ-खाच पुढे कधी हलवायची झाली तर फोडावी लागते."

"त्याला सांग, हलवायची नाहीच."

"सांगा की, लाकूड कुणाला विचारून हलत नाही."

"मी काय टपालखातं आहे?" मी ओरडले. "ज्याला बांधायची तो ठरवेल! तुम्ही बांधताय?" ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी हात लावणार नाही, बघणारही नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावच्या एका कामावर जायला लागले. मग पतामीच ठरली.

भाऊजी एकटेच बांधत होते. मला त्यांचाही राग येत होता. दादाने म्हणायचं आणि धाकट्याने आज्ञाधारकपणे स्वतःला घराबाहेर काढायची भिंत बांधायची, वर पत्र्याचा तुकडा घालून रेघा सरळ ठेवायच्या! चहा नेऊन आदळायची आणि परत यायची. भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नाही. हातोडीचे ठोके तेवढे ऐकू यायचे. दरवेळी दोनच ठोके आणि थांबायचे. मनात म्हटलं, हातात जोर नाही, कुठून असणार.

भिंत झाली. भाऊजींनी माडीवरून गादी उतरवली, दोन भांडी मागितली. मी दिली नाहीत. तर स्वतः जाऊन विकत आणली. त्या दिवशी मी स्वयंपाक केला आणि सवयीने तीन ताटं घेतली, मग एक परत फडताळात ठेवलं. हे ते बघत होते. जेवले नाहीत धड. पण कबूल करतील तर शपथ.

पुढचे काही दिवस असेच गेले. हे आपल्या बाजूला बसायचे, भिंतीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड. पलीकडून रंध्याचा आवाज आला की ह्यांची करवत थांबायची. तो थांबला की ही सुरू. दोन पोरं रुसून बसावीत तसला प्रकार.

एकदा मी ह्यांच्या बाजूचा भुसा झाडायला गेले. हे बाकावर होते, नेहमीसारखे पाठमोरे. मी कोपऱ्यात वाकले आणि माझी बाही कशात तरी अडकून टर्रकन फाटली. बघते तर भिंतीतून चूक बाहेर आलेली. तिच्या बाजूला दुसरी. वर बघितलं, प्रत्येक फळीवर. एकजात सगळ्या चुका अर्ध्याच ठोकलेल्या, अर्ध्या बाहेर. असलं गबाळं काम भाऊजींचं? मला वाटलं, माणूस मनातून खचलाय, आता हातातूनही गेला. आणि जे पोटात साठलं होतं ते सगळं त्या बाहीच्या निमित्ताने बाहेर आलं.

"भाऊजी!" मी भिंतीकडे तोंड करून ओरडले. "ही काय भिंत झाली? सगळ्या चुका अर्ध्या बाहेर ठेवल्यात! पूर्ण ठोकायला काय झालं होतं?"

पलीकडे रंधा थांबला. पतामी भिंतीतून उजेड येत नाही, पण आवाज अगदी स्वच्छ येतो.

"मुद्दाम ठेवल्यात, वहिनी."

"कशाला? माझे कपडे फाडायला?"

"त्या काढता याव्यात म्हणून," भाऊजी म्हणाले. "पूर्ण आत गेली की काढताना फळी दुखावते. अर्धी असली की हातोडीच्या शेपटात सापडते."

मी एका चुकेला बोट लावलं. वर टोपी. दुसरीला लावलं. तिलाही टोपी. "पण ह्या तर डोक्याच्या आहेत. तुम्ही तर कधी वापरत नाही."

"माझ्या बिनडोक्याच्या एकदा गेल्या की गेल्या. त्या धरायला काही नसतं. दादाच्या चुका काढायला सोप्या." पुढे म्हणाले, "म्हणून त्याच्याच डबीतल्या घेतल्या. आणि त्याच्याच बाजूने मारल्या. काढायच्या तर त्याने काढाव्यात. मी कसा काढू? मी धाकटा."

मला एकदम रडू आलं. लपवून काय करायचंय, हुंदकाच आला. इतके दिवस मी ह्या माणसावर चहाचे कप आदळत होते, आणि तो दोन दोन ठोक्यांत परत यायची सोय करत होता.

मागे बाक सरकला. आमचे हे उठून भिंतीजवळ आले होते. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. एका फळीवरून हात फिरवला, मग दुसऱ्या, चुकांच्या डोक्यांवरून, आंधळा माणूस चाचपतो तसा. रेघेत नख घालून बघितलं. कुठेही जोडावर चूक नव्हती. प्रत्येक फळीला तिची स्वतःची.

"मूर्ख आहे," हे म्हणाले. "अशी भिंत कुणी बांधतं का?"

पलीकडे रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अरे ऐकतोयस का? कुठून काढायला सुरुवात करायची?"

"वरून, दादा. वरची आधी."

"वरून ते मला माहीत आहे! शिकवलंय कुणी तुला?" हे ओरडले आणि स्टूल ओढलं. हातोडी घेतली, वर चढले, पहिली चूक शेपटात धरून दाबली. ती किंचाळत बाहेर आली आणि ह्यांच्या तळहातात पडली. हे तिच्याकडे बघत स्टुलावर तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता परत उतरतात की काय.

मग भिंतीवरून पलीकडे बघून ह्यांनी मोठ्याने विचारलं, "चूक कुणाची?"

पलीकडे बिचाऱ्याला काय बोलावं ते कळेना. गेल्या वेळी बोलला होता तर एवढं झालं होतं.

"बोल ना," हे म्हणाले. "चूक कुणाची?"

"दादा..." भाऊजी कसेबसे म्हणाले.

"हो. माझीच," आमचे हे म्हणाले. "ये आता इकडे, फळी धर."